गाळलेला ‘जर’

दारावरची घंटा वाजली तेव्हा भाऊ बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात हात घालून उभा होता.

“काल रात्री काठोकाठ भरला होता,” ताई पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली.

“वा! डबा मी संपवला, आणि वर मीच त्यात बिस्किटं शोधतोय?”

“बरं, बरं. आधी दार उघड.”

दारात एक तरुण मुलगी उभी होती. डोळे रडून सुजलेले, पण मान ताठ. ताईला पाहताच ती वाकून पाया पडली, आणि उठताना एवढंच म्हणाली, “बाई, माझ्या तोंडून एक माणूस गुन्हेगार ठरलाय.”

ताईनं पुस्तक मिटलं.

ताईनं उभा जन्म कॉलेजात चिनी भाषेचं व्याकरण शिकवण्यात घालवला होता. निवृत्तीनंतर लोक देवळाच्या पायऱ्या धरतात. हिनं खासगी तपासाचा धंदा धरला. “चाळीस जणांच्या वर्गात खोटं कोण बोलतंय हे ओळखण्यापेक्षा चार संशयितांत ओळखणं सोपं,” असं ती म्हणे. गावात तिला सगळे ‘जरतरबाई’ म्हणत, अर्थात तिच्या माघारी. भाऊ तिचा धाकटा भाऊ. टपालखात्यातून निवृत्त, मनानं लोण्याचा, डोकं जरा सावकाश चालणारं. देवाचं नाव आणि गाणं यांवर त्याचा पिंड पोसलेला. त्यानं लगेच मुलीला पाणी दिलं, आणि तिच्याआधी स्वतःच डोळे पुसून घेतले.

“काका, तुम्ही का रडताय?”

“तू सांग गं. माझं चालू राहील.”

मुलीनं सांगायला सुरुवात केली. ती चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात दुभाषी होती. पहिलीच नोकरी. कारखान्याच्या मालकीणबाईंनी मोठ्या हौसेनं चीनहून एक वृद्ध कारागीर बोलावले होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उस्तादांनी कारखान्याच्या आवारात लाकडावर चालणारी भट्टी स्वतःच्या हातांनी बांधली. आता तिचा पहिला मोठा घाणा निघायचा होता. पेले, ताटं आणि एक भलीमोठी सुरई. शहरातल्या नव्या कलादालनात ती भांडी मांडायची होती. भट्टी पेटली, भांडी भाजून झाली, तोंड विटांनी चिणून लिंपलं आणि भट्टी निवायला ठेवली.

“काल दुपारी सगळ्यांसमोर उघडली. आत एक भांडं धड नाही, बाई. सगळ्यांना तडे. भट्टी गरम असताना परवा सकाळीच कुणीतरी वरच्या विटा काढून आत गार वारा घेतला होता.”

“आणि?”

“मालकीणबाईंनी उस्तादांना विचारलं, तुम्ही उघडलीत का? ते जे बोलले त्याचं मी भाषांतर केलं. ती कबुली होती. उद्या सकाळी त्यांना परत पाठवताहेत. भट्टीवरची त्यांच्या नावाची पाटीही उतरवायची आहे.”

“त्यांचे शब्द सांग. तुझे नकोत, त्यांचे.”

मुलीनं डोळे मिटले. “वो खाय-ल याव, हाय च्वो चाय ज्रर दंग नीमन.”

“कोण काय खाय?” भाऊनं विचारलं. रिकामा डबा त्याच्या डोक्यातून गेला नव्हता.

“‘खाय’ म्हणजे उघडणं, काका. ‘याव’ म्हणजे भट्टी.”

“आणि तू काय सांगितलंस?” ताईनं विचारलं.

“‘मी भट्टी उघडली. अजून इथे बसून तुमची वाट पाहतोय.’ शब्दाला शब्द. दुभाष्यानं पदरचं घालू नये, हे तुमचंच शिकवणं.”

“मग खटकतंय काय?”

मुलगी घुटमळली. “त्यांचा आवाज. शेवटाला वर गेला होता. कबुली देणारा माणूस आवाज खाली टाकतो ना, बाई? पण प्रश्नाच्या शेवटी लागतो तो ‘मा’ त्यांनी लावला नव्हता, म्हणून मी शब्द धरले.”

ताई बराच वेळ भाऊच्या हातातल्या डब्याकडे पाहत राहिली. मग “हं” म्हणाली.

मुलीचा चेहरा उजळला. तिच्या कॉलेजात हे सगळ्यांना माहीत होतं. ताईच्या तोंडून ‘शाबास’ आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ‘हं’ हाच तिच्याकडचा पहिला नंबर.

“चपला घाल, भाऊ,” ताई म्हणाली.

*

कारखान्याच्या फाटकातून आत शिरताच पायांखाली पांढरी भुकटी करकरली. डाव्या हाताला चाकांची लांब शेड होती. फळ्यांवर कच्ची भांडी ओळीनं सुकत होती, शाळेत रांगेनं बसवलेल्या पोरांसारखी. आवाराच्या टोकाला भट्टी होती. पाठ वर काढून झोपलेल्या म्हशीसारखी दिसत होती ती. तोंडाशी विटांचा ढीग पडला होता.

भट्टीशेजारी एका ठेंगण्या तिवईवर उस्ताद बसले होते. हात गुडघ्यांवर, पाठ सरळ. त्यांच्या पायांशी फुटक्या भांड्यांनी भरलेली टोपली होती. भाऊला वाटलं, घरात कुणी गेलं की कर्ता माणूस असा बसतो. कुणाला दोष नाही, कुणाकडे मागणं नाही.

भट्टीच्या कपाळावर एक लाकडी पाटी होती. खाली उस्तादांचं नाव, वर चार मोठी चिनी अक्षरं.

“याव ल्यांग, त्साय खाय,” मुलीनं वाचलं. “इथे सगळ्यांना पाठ आहे. उस्ताद रोज सकाळी सगळ्यांकडून म्हणून घेतात.”

भाऊला चाल आवडली. त्यानं लगेच गुणगुणून पाहिलं. ध्रुपदासारखी जिभेवर बसली. “अर्थ काय गं?”

“भट्टी निवली, तरच उघडायची.”

ताईनं वर्गात विचारावं तसं विचारलं, “यात ‘जर’ कुठे आहे?”

“नाहीच, बाई. चिनीत लागत नाही. नंतर ‘त्साय’ आला की आधीचं आपोआप अट होतं.”

“‘त्साय’च्या जागी ‘ज्यौ’ घातला तर?”

“मग नुसतं ‘तर’. ‘ज्यौ’ म्हणजे तर. ‘त्साय’ म्हणजे तरच.”

“आणि त्यांच्या जोड्या?”

“वाक्याच्या सुरुवातीला ज्रयाव असेल तर मागून ज्यौ. एवढं झालं की पुरे. सुरुवातीला ज्रयो असेल तर मागून त्साय. एवढं झालं तरच, नाहीतर नाही. जोडी मोडली की वाक्य लंगडतं.”

“आपल्याकडे जर-तर आणि जरी-तरी, तसं?” भाऊनं विचारलं.

“अगदी तसंच, काका. ‘जरी तो आला तर मी जाईन’ असं कुणी म्हणतं का?”

“आमचे पोस्टमास्तर म्हणायचे. पण त्यांचं सगळंच लंगडं होतं.”

*

मालकीणबाई कार्यालयात उभ्याच होत्या. अंगात करारीपणा, आवाज बसलेला.

“वडिलांनी इथे नळीची कौलं बनवली,” त्या म्हणाल्या. “मी ठरवलं, या आवारातून असं भांडं निघेल की बघणाऱ्यानं श्वास धरावा. त्या माणसावर मी देवासारखा विश्वास टाकला. आणि त्यांनी स्वतःच कबूल केलं. माझ्या कानांनी ऐकलं.”

“तुमच्या कानांनी तुम्ही दुभाष्याचं ऐकलंत.”

“एकच ते.”

“बघू,” ताई म्हणाली. “परवा सकाळी कोण कुठे होतं?”

मालकीणबाई शहरात कलादालनात गेल्या होत्या. दुभाषी मुलीची सुट्टी होती. जाळ घालून थकलेला भट्टीवाला मागच्या खोलीत झोपला होता. उस्ताद भट्टीपाशीच होते, पण रोजच्यासारखे मध्ये आंघोळीला नदीवर गेले होते. कार्यालयात मालकीणबाईंचा भाचा एकटा होता.

भाचा आला तो नीट इस्त्रीच्या कपड्यांत. हसरा, बोलका मुलगा. आत्याच्या शेजारी उभा राहून त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊला तो लगेच आवडला.

“चिनी येतं म्हणे तुम्हाला?” ताईनं विचारलं.

“थोडंफार. तिकडे वर्ग केला होता, बाई. इथे मात्र मी कागदांतच. भट्टीजवळ मला फिरकू देत नाहीत. उस्ताद आणि तो भट्टीवाला, दोघंही म्हणतात, आधी माती मळायला शीक.” तो हसला, पण हसू कानापर्यंत गेलं नाही. “माझी तर ही पहिलीच भट्टी. आजवर एकही उघडताना पाहिली नव्हती. पाहिली ती कालच, सगळ्यांबरोबर.”

“उस्तादांनी असं का केलं असेल?”

“त्यांचा बेतच तसा होता. आदल्या संध्याकाळी मला म्हणाले, मी शब्दन् शब्द सांगतो: ज्रयाव थ्येन ल्यांग, त्साय खाय याव. उजाडलं की भट्टी उघडायची. घाई झाली होती म्हाताऱ्याला.”

“तुम्हालाच का सांगितलं?”

“चिनी समजणारा दुसरा कोण होता तेव्हा? दुभाषी तर घरी गेली होती.”

ताईनं मान डोलावली. “फार नुकसान झालं नाही?”

भाच्याचा आवाज हलला. “काय सांगू, बाई! काळजाचं पाणी झालं. वरच्या फळीवरचे पेले आधी बोलले. टिण, टिण, एकामागून एक. मग खालची ताटं. आणि सगळ्यात शेवटी सुरई, तिचा आवाज जाड, जसं कुणी आतून ठोकलं. आत्याचं सगळं स्वप्न होतं त्यात.”

भाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर पडल्यावर तो ताईला म्हणाला, “किती हळवा आहे गं पोरगा! भांड्याचंही दुःख होतं त्याला.”

“हो,” ताई म्हणाली. “दुःख खरं आहे.”

*

भट्टीवाला हातपाय धुऊन आला. भुवया जळलेल्या, बोलणं तुटक.

“विटा मीच काढल्या काल. वरच्या दोन विटा काढताना कळलं, काहीतरी गडबड आहे. बाहेरून राख चोपडलेली, सगळं जुन्यासारखं. पण आतलं लिंपण ओलसर, आणि त्यात भुसा नाही.”

“भुसा?”

“आम्ही चिखलात भुसा घालतो. नाहीतर गरमीनं तो फुटतो. उस्तादांनी आल्या दिवशीच शिकवलं. झोपेत लिंपायला सांगितलं तरी मी भुसा घालीन, आणि ते तर माझे गुरू.”

“आत हात घालण्याआधी काय ऐकलंत?”

“ऐकायचं काय? चिडीचूप.” त्यानं मान हलवली. “भांडं तडकताना बोलतं, बाई, गार वारा लागला की लगेच. एकदा बोलून झालं की मुकं. काल उघडली तेव्हा आत माश्यासुद्धा नव्हत्या.”

“उस्ताद गेले तर तुमचं काय?”

“माझं?” भट्टीवाल्यानं जळक्या भुवया वर केल्या. “बाई, माझी तीन पोरं. बापानं त्यांना मातीत लोळायला शिकवलं म्हणून बायको रोज शिव्या देते. पहिलं भांडं निघालं असतं, तर तिच्या हातात ठेवून म्हणालो असतो, घे, हे लोळणं.” त्यानं हात झटकले. “आता काय म्हणणार? पण उस्तादांनी उघडली, हे माझ्या गळ्याला सुरी लावलीत तरी मी म्हणणार नाही.”

शेवटी ताई उस्तादांपाशी जाऊन चक्क जमिनीवर बसली. म्हाताऱ्यानं दचकून तिवई पुढे केली, तिनं घेतली नाही. दोघं चिनीत बोलू लागली. भाऊला अक्षर कळलं नाही. दिसलं एवढंच की ताईनं एक लहानसा प्रश्न विचारला, उस्ताद आधी तिच्याकडे बघत राहिले, आणि मग हसले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू असतं हे भाऊला तेव्हा कळलं. दुभाषी मुलगी दोन पावलांवर उभी होती. तिचा हात झटकन तोंडावर गेला.

“बाई! म्हणजे मी...”

“आत्ता नाही,” ताई उठत म्हणाली. “सगळ्यांना इथे बोलाव. भट्टीसमोर.”

*

ऊन कलंडू लागलं होतं. भट्टीच्या उघड्या तोंडाभोवती सगळे जमले. चाकावरचे कामगारही हात पुसत येऊन मागे उभे राहिले. भाऊनं हात जोडून घेतले. पूर्वरंग संपून आख्यान लागायच्या आधी माणूस जसा मांडी ठीक करून बसतो, तसा तो विटांच्या ढिगावर नीट बसला.

“आधी कबुलीचं बघू,” ताई म्हणाली. “आज सकाळी माझ्या घरी डबा रिकामा सापडला. माझा भाऊ म्हणाला, ‘डबा मी संपवला, आणि वर मीच त्यात बिस्किटं शोधतोय?’ मालकीणबाई, त्यानं कबुली दिली का?”

“छे! तो म्हणाला, मी संपवला असता, तर शोधत कशाला बसलो असतो?”

“‘असता’ हा शब्द त्यानं वापरला?”

“नाही. पण कळतं ना.”

“कशावरून?”

मालकीणबाई अडखळल्या. “आवाजावरून. वर गेला असेल शेवटी.”

“डबा मी संपवला होता, ते वेगळं,” ताई म्हणाली.

“ताई!” भाऊ ओरडला.

“नंतर. आता ऐका. आपण एखाद्या वेळी चिडलो की असं बोलतो. चिनी भाषेत तर ही रोजची चाल आहे. तिथे क्रियापदाला ‘असतं’ लागत नाही. झालं ते, आणि झालं असतं ते, दोन्ही एकाच अंगरख्यात येतात. ‘जर’ला शब्द आहेत, पण ते गाळले तरी चालतात. आणि क्रियापदामागचा तो ‘ल’ म्हणजे भूतकाळ नव्हे. काम पुरं झाल्याची ती खूण आहे. नुसतं कल्पनेतलं काम असलं तरी तो लागतो. उस्ताद म्हणाले: ‘वो खाय-ल याव, हाय च्वो चाय ज्रर दंग नीमन.’” ती दुभाषी मुलीकडे वळली. “आता पुन्हा सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

मुलगी पुढे आली. आवाज कापत होता, पण शब्द नाहीत.

“‘मी भट्टी उघडली असती, तर अजून इथे तुमची वाट पाहत बसलो असतो?’”

मालकीणबाईंनी उस्तादांकडे पाहिलं आणि त्यांची नजर खाली गेली.

“मी मघाशी त्यांना एवढंच विचारलं, की तुम्ही वाक्याच्या सुरुवातीला ‘जर’ का नाही लावलात?” ताई म्हणाली. “ते म्हणाले, ‘माझी ताठ पाठ बघूनही ज्यांना तो ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी लावून काय उपयोग?’”

मागे उभ्या असलेल्या कामगारांत पुटपुट झाली. भट्टीवाल्याची छाती फुगली.

“मग उघडली कुणी?” मालकीणबाईंचा आवाज आता वेगळा होता.

“ज्याला लिंपणात भुसा घालतात हे माहीत नाही, त्यानं. म्हणजे उस्ताद नव्हेत आणि भट्टीवालाही नव्हे. आता भाचेबुवांचं वाक्य घेऊ. ‘ज्रयाव थ्येन ल्यांग, त्साय खाय याव.’ पोरी, कसं आहे?”

“लंगडं,” मुलगी म्हणाली. “ज्रयावमागे ज्यौ हवा. हे म्हणजे ‘जरी उजाडलं तर’ असं झालं.”

“ज्या माणसानं अख्ख्या कारखान्याकडून रोज सकाळी ‘त्साय’ म्हणून घेतला, तो ते अक्षर चुकीच्या जागी लावणार नाही. ते वाक्य बाहेरून शिकलेल्या माणसाच्या डोक्यात जुळवलेलं आहे. पाटीवरचं ‘त्साय खाय’ उचललं आणि पुढे मनाचं चिकटवलं.”

भाचा हसला. “बाई, मी चुकीचं ऐकलं असेल. माझं चिनी कच्चं आहे.”

“असू शकतं. म्हणून एवढ्यावर मी कुणाला दोष देत नाही. माझे कान टवकारले, इतकंच.” ताई भट्टीच्या तोंडाशी गेली, आत डोकावली आणि जणू स्वतःशीच बोलली, “बिचारी सुरई. तीच सगळ्यात आधी तडकली असेल, नाही? सगळ्यात मोठी.”

“नाही, ती शेवटी,” भाचा म्हणाला. “आधी वरचे पेले.”

म्हणाला आणि थांबला.

भट्टीवाल्यानं हळूच मान वळवली. त्याच्या लक्षात सगळ्यांत आधी आलं. “तुला कसं ठाऊक? काल आत चिडीचूप होतं.”

“मी... म्हणजे अंदाज...”

“अंदाज मराठीत कसा सांगतात?” ताईचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. “‘बोलले असतील.’ ‘तडकली असेल.’ मी आत्ता तसंच म्हणाले. तुम्ही मला सकाळी सांगितलंत, पेले आधी बोलले, मग ताटं, मग सुरई, जाड आवाजात. ‘असतील’ नाही, ‘जर’ नाही, आवाजात प्रश्नही नाही. आजवर तुम्ही एकही भट्टी उघडताना पाहिलेली नव्हती. कालची उघडली ती मुकी. तो आवाज फक्त एकाच माणसानं ऐकला. परवा, गरम भट्टीच्या भोकाशी उभा होता त्यानं. बाळा, चिनी भाषेत ‘जर’ गाळला तरी तो असतो. मराठीत ‘असेल’ गाळलं की ते झालेलं असतं.”

भाच्यानं आत्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“मला फक्त बघायचं होतं, आत्या. सगळ्यांच्या आधी. फोटो काढून तुला कलादालनात पाठवणार होतो. म्हणजे तू म्हणाली असतीस, माझ्या भाच्यानं दाखवलं. सगळे म्हणतात, हा कागदांतला. दोन विटा काढल्या आणि...” त्यानं भट्टीच्या तोंडाकडे बोट केलं. “भांडी बोलायलाच लागली, आत्या. थांबेचनात.”

“आणि माझ्या उस्तादांवर ढकललंस,” मालकीणबाई म्हणाल्या.

“त्यांनी कबूल केलं असं कळलं, तेव्हा गप्प बसलो. मग तोच खड्डा खणत गेलो.”

मालकीणबाईंनी भाच्याकडे पाठ फिरवली. मग साऱ्या कामगारांदेखत चालत जाऊन उस्तादांसमोर त्यांनी मान लववली. “यांना सांग,” त्या दुभाषीला म्हणाल्या, “मी माझ्या कानांचा गर्व केला. उद्या ते कुठेही जाणार नाहीत. पाटी उतरणार नाही. आणि हा मुलगा उद्यापासून माती मळेल, ते सांगतील तोवर. फोटो वगैरे काही नाही.”

मुलीनं सांगितलं. या खेपेला तिनं शब्दाला शब्द नाही, जिवाला जीव लावून सांगितलं. ते चिनी न येणाऱ्या भाऊलाही कळलं.

उस्तादांनी भाच्याकडे पाहिलं. मग उठून फुटक्या भांड्यांच्या टोपलीतून तळाचा एक पेला काढला, कानाशी धरला आणि नखानं टिचकी मारली. स्वच्छ, लांब नाद आला, देवळातल्या घंटेसारखा. एक पेला धड निघाला होता! भट्टीवाला पुढे धावला. “टोपलीत टाकताना मी बघितलाच नाही!” त्यानं दोन्ही हातांत तो घेतला. निळसर, पाण्यासारखा. त्याच्या बायकोला दाखवायला पुरेसा.

उस्ताद दुभाषी मुलीसमोर उभे राहिले, आणि तीन-चार अक्षरं बोलून थांबले. “याव पू श्र नी...”

“पुन्हा भट्टी?” भाऊनं कुजबुजून विचारलं.

“हा दुसरा याव,” ताई म्हणाली.

“मग पुढे?”

“पुढे काही नाही, काका.” मुलीचे डोळे भरून आले होते. “‘तू नसतीस तर.’ एवढंच. चिनीत इथेच थांबलेलं चालतं.”

“मराठीत नाही चालत,” भट्टीवाला मागून म्हणाला, आणि पेला उंच धरला. “पुरं कर, पोरी.”

मुलीनं सगळ्यांकडे पाहिलं. “मी नसते, तर,” ती म्हणाली, “तर भट्टी निवली असती, पण माणूस निवला नसता.”

कामगारांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांना काय झालं ते कळलं नाही, पण त्यांनीही वाजवल्या.

ताई चष्मा पुसत होती. भाऊनं तिच्याकडे नीट पाहिलं. चष्म्यावर धूळ नव्हती.

“ही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माझी विद्यार्थिनी. बाकी सगळे गप्प होते तेव्हा हिला एका आवाजाचं ओझं झालं. शाबास.”

मुलगी जागच्या जागी थिजली. तिनं आयुष्यात हा शब्द ताईच्या तोंडून ऐकला नव्हता. दुसऱ्या कुणीही ऐकला नव्हता. मग तिची मान आणखी एक बोट वर गेली, आणि तिथेच राहिली.

परतताना भाऊ त्या चार अक्षरांना मराठी चाल लावत होता. “निवेल तरच उघडेल, निवेल तरच उघडेल...” फाटकाशी तो अचानक थांबला.

“ताई, ‘डबा मी संपवला’ असं तू म्हणालीस. त्यात ‘जर’ होता की नव्हता?”

“नव्हता,” ताई म्हणाली, आणि बिस्किटांच्या दुकानाकडे वळली.